काचेआडचं ‘हाव’

माझा हात लवकर सुटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. नांदेडच्या एका शाळेत मी पंचवीसहून जास्त वर्षं मराठी शिकवलं, आणि मारायला बंदी आली तोपर्यंत लाकडी पट्टी हातात धरूनच शिकवलं. मुलं हजेरीला “हाव बाई” म्हणायची. मी म्हणायची, “हाव म्हणजे लोभ. माणसानं ‘हो’ म्हणावं.” पुन्हा ‘हाव’ ऐकू आलं की पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. किनवटकडून आलेली वसतिगृहातली एक मुलगी तर भीतीनं हजेरीला गप्पच राहायला लागली, आणि मी ती समोर बसलेली दिसत असताना तिला गैरहजर मांडत गेले. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. तेव्हा वाटायची नाही.

हा हात मला अप्पांकडून आला. अप्पा म्हणजे माझे वडील; उदगीरच्या आमच्या लिंगायत घरांत बापाला अप्पाच म्हणतात. धान्याच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. पोतं उचलायला दोन माणसं लागायची, पण मला उचलायला अप्पांचा उजवा हात पुरायचा. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग आणि तोंडात शिव्या. आईला त्यांनी मारलेलं मी पाहिलंय, हमालांना मारलेलं पाहिलंय. मला मात्र ते मारून झाल्यावर तुरीच्या गोदामात कोंडायचे. पत्र्याचं छप्पर, मे महिना, पोत्यांचा धुरळा नाकातोंडात. मी दारावर लाथा मारून मारून दमायची. मग बाहेरून अप्पांचा आवाज यायचा, “चुकलं का?” त्याला “हाव” म्हटल्याशिवाय कडी निघायची नाही.

दोन वर्षांपूर्वी अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि ज्या हातानं आम्हाला बडवलं तोच हात मांडीवर मेल्यासारखा पडून राहिला. वाचाही गेली. अख्ख्या भाषेतून एकच शब्द मागं उरला, ‘हाव’. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा आजारात कधी कधी एखादाच शब्द जिभेवर अडकून राहतो, त्याचा अर्थ लावू नका. जेवलात का? हाव. उपाशी आहात का? हाव. देवानं माझी थट्टा करायला दुसरा कुठला शब्द निवडला नसता!

मी त्यांना नांदेडला माझ्याकडे आणलं. लग्न मी केलं नव्हतं, नोकरी संपत आली होती, आणि दुसरं कुणी करणारं नव्हतं. करत होते, पण गोड तोंडानं करत होते असं म्हणणार नाही. भरवताना ते घास थुंकले की माझा आवाज चढायचा. त्यांचा डावा हात शाबूत होता आणि तो चालवायलाही ते विसरले नव्हते. चमचा, पेला, रिमोट, जे हाताला लागेल ते माझ्या अंगावर यायचं. त्या घरात दोन मारकुटी माणसं राहत होती आणि त्यातल्या एकालाच चालता येत होतं.

आमच्याकडचा उन्हाळा अंगावर धावून येणारा. सकाळी नऊला दाराची कडी हाताला चटका देते. लकव्यानंतर अप्पांना घाम नीट येईना. दहा मिनिटं उन्हात राहिले की डोळे फिरायचे. दर तीन महिन्यांनी लातूरला तपासणीला न्यायचं तर अंगावर काटा यायचा. म्हणून मी विजेवरची गाडी घेतली. शोरूममधल्या पोरसवदा साहेबांनी मला आत बसवून पडद्यावरचं एक बटण दाखवलं. त्यावर कुत्र्याचं चित्र होतं. “मॅडम, हे दाबलं की गाडी लॉक करून गेलात तरी आतला एसी आपोआप चालू राहतो. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. पाळीव प्राण्यांसाठी दिलंय.” मी विचारलं, “बापासाठी चालेल का?” ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की माणसांना असं ठेवू नका, आणि चार्ज वीस टक्क्यांवर आला की ही सोय आपोआप बंद होते, हे ध्यानात असू द्या. मी ध्यानात ठेवलं नाही. मला कुणी शिकवलेलं आवडत नाही.

बटणानं मात्र जादू केली. नांदेडमध्ये मी पाच वेळा तरी अप्पांना असं गाडीत ठेवून भाजी घेतली, बँकेत गेले. परत आले की ते गार हवेत डुलक्या घेत असायचे. घरी पंख्याखाली तळमळणारा माणूस पार्किंगमध्ये सुखात झोपायचा. त्यांच्याशी न भांडता एकटीनं फिरायला मिळतंय, याचं मलाही सुख होतं. ते मी तेव्हा कबूल केलं नसतं.

त्या मे महिन्यातल्या दिवसाची सुरुवातच मारामारीनं झाली. रात्रभर वीज नव्हती, म्हणून गाडी अर्धीमुर्धीच चार्ज झाली होती. सकाळी खिमट भरवताना अप्पांनी स्टीलचा पेला फेकला. तो माझ्या ओठावर बसला, रक्त आलं. मी त्यांचा डावा हात पिरगाळून खुर्चीला दाबून धरला आणि ओरडले, “चुकलं का?” अप्पा म्हणाले, “हाव.” डॉक्टरांनी अर्थ लावू नका म्हटलं होतं. मी लावला, आणि मला बरं वाटलं.

अहमदपूरजवळच्या ढाब्यावर चार्जिंगची सोय होती. तिथं पोचलो तर चार्जरच्या जागेवर कुणाची तरी डिझेलची जीप लावलेली. मी ढाब्यावर जाऊन हाका मारल्या. जीपवाला जेवत होता. म्हणाला, “करून राहिलो ना जेवण, बाई. पाच मिन्टं थांबा की.” पाच मिनिटं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या जीपच्या टायरला लाथ घातली, त्याच्या आईबापांचा उद्धार केला आणि चार्ज न करताच निघाले. पाच मिनिटं थांबले असते तर हे काही लिहावंच लागलं नसतं.

लातूरला दवाखान्याच्या गल्लीत पोचलो तेव्हा पडद्यावर तेवीस टक्के होते. साडेअकरा झाले होते आणि सावलीचा एक तुकडा कुठं नव्हता. एका पंक्चरच्या दुकानापुढं गाडी लावली. पुढच्या काचेला उन्हाचा पडदा लावला, कुत्र्याचं बटण दाबलं. डॉक्टरांना आधी रिपोर्ट दाखवायचे होते. अप्पांना आत बोलावलं तर चाकाची खुर्ची मागवू, असा विचार केला. “दहा मिनिटांत येते. बसाल ना?” “हाव.” दार लावताना मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझा ओठ ठणकत होता.

आत वीसजण बसले होते. मी खिडकीवरच्या मुलीशी भांडले, नंबर पुढं घ्या म्हणाले. तिनं घेतला नाही. मध्येच पर्समधला फोन थरथरला. पडद्यावर कुत्र्याचं चित्र आणि इंग्रजीत काहीतरी. गाडीवाल्यांच्या जाहिराती सारख्या येतात, ही तसलीच म्हणून मी बोटानं बाजूला सारली आणि खिडकीवरच्या मुलीशी उरलेलं भांडण पुरं केलं.

एक वाजत आला तेव्हा बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. गर्दी माझ्याच गाडीभोवती होती. डाव्या बाजूची काच फुटून रस्त्यावर सांडली होती. एक काळा, रुंद खांद्यांचा माणूस कमरेपर्यंत खिडकीतून आत वाकला होता. त्याच्या एका हातात टायर उचकटायची लोखंडी टामी होती आणि दुसऱ्या हातानं तो अप्पांचा सदरा फाडत होता. अप्पांच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा तुटून त्याच्या मुठीत आला होता. चांदीची डबी उन्हात चमकली.

मला एवढंच दिसलं. माझ्या हातात पाण्यानं भरलेली लिटरची स्टीलची बाटली होती. मी धावत गेले आणि ती दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या कानशिलावर घातली. खणकन नव्हे, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. तो फिरला, त्याचं तोंड उघडं होतं. मी दुसरी घातली, त्याच कानावर. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार आली आणि तो दाराला धरून खाली बसला. त्यानं टामी उचलली नाही. हात वर करून एवढंच म्हणाला, “ओ बाई, बाबाला बघा आधी.” मी तिसरी घालणार होते, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी वेणी धरली.

“तुझाच म्हातारा हाय का गं?” एक बाई ओरडली. मी म्हणाले, “माझे वडील आहेत, सोडा मला!” तिनं खिडकीत डोकं घालून अप्पांना विचारलं, “बाबा, हिनंच कोंडलं का तुम्हाला?”

अप्पांची मान एका बाजूला पडली होती. तोंड लाललाल, ओठांवर फेस. ते म्हणाले, “हाव.”

मग कुणी ऐकायला तयार होईना. पहिली चपराक गालावर, दुसरी फुटलेल्या ओठावर. मी ओरडत होते, “आत एसी चालू होता! कोंडलं नाही मी! गाडीत कुत्र्यासाठी सोय असते, ती लावून गेले होते!” त्याहून वाईट वाक्य त्या गल्लीत मला सुचलं नसतं. “बापाला कुत्र्याच्या सोयीनं ठिवलंस व्हय गं?” मघाची ती बाई ओरडली आणि तिची चप्पल माझ्या तोंडावर बसली. पदर गेला, चष्मा गेला, गुडघ्यात कुणाची तरी लाथ बसली. खाली पडले तेव्हा डांबर तापून मऊ झालं होतं, दोन्ही तळहात त्यावर भाजले. मी चावले, नखं मारली. सांगायला काय लाजायचं, मी मार खात होते तितक्याच जोरानं मारतही होते. आणि या सगळ्या दंग्यात अप्पांना उचलून समोरच्या दवाखान्यात नेलं ते कुणी? त्याच माणसानं. एका हातानं कान दाबून धरून.

दवाखान्यात अप्पांना बर्फाच्या पिशव्या लावल्या, सलाईन लावलं. डॉक्टर बाई माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, “आणखी दहा मिनिटं गेली असती तर हाताला लागले नसते.” मी ठामपणे म्हणाले, “काच फोडल्यामुळं ऊन आत गेलं, डॉक्टर. आत थंड होतं.”

मग पोलीस चौकीतून बोलावणं आलं, तिथं दाखवायला म्हणून मी फोन काढला. गाडीची सगळी नोंद त्यात असते, पुरावा माझ्याच हातात होता. कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी ती नोंद उघडली. सव्वाबारा: चार्ज कमी, आतली थंड हवा बंद. एकला दहा कमी: काच फुटल्याची सूचना.

मधली पस्तीस मिनिटं मी पुन्हा पुन्हा मोजली. पस्तीस मिनिटं अप्पा त्या पेटलेल्या डब्यात होते, आणि मी नंबरासाठी भांडत होते. गोदामाचा पत्रा, तुरीचा धुरळा, सगळं नाकात आलं. आई शप्पथ सांगते, मी त्यांना मुद्दाम कोंडलं नव्हतं. पण दार लावताना मी वळून पाहिलं नव्हतं, हेही खरंच आहे.

पोलीस चौकीत दुपारी चारला मी, तो माणूस आणि एक हवालदार असे तिघं बसलो. त्याच्या कानात कापसाचा बोळा होता आणि तो लाल झाला होता. हवालदारानं त्याला विचारलं, गाडीची काच का फोडली. तो म्हणाला, “साहेब, बाबा डाव्या हातानं काच वाजवू लालते. मी जाऊन इचारलं, बरं हाय का बाबा? तर हाव म्हणले. म्हणून मी माघारी जाऊन चाक खोलायला बसलो. घडीभरानं बघतो तर हात खाली पडलेला. गाडी बंद, आवाज न्हाई, काई न्हाई. दार उघडंना. मंग टामी घातली. गळ्याला दोरा आवळला होता, तेवढा तोडला. चोरी करायची असती तर बाबाला दवाखान्यात कशाला नेलं असतं?”

हवालदार माझ्याकडे वळले. “बाई, तुमचं काय म्हणणं? एसी चालू होता म्हणता?”

फोन माझ्या मांडीवर होता. तोंड सुजलेलं होतं, गल्लीनं मला चपलेनं मारलं होतं, आणि आता या दोघांपुढं म्हणायचं की गल्ली बरोबर होती? मी फोन उलटा करून ठेवला. म्हणाले, “चालूच होता. यांना विजेची गाडी कळत नाही. आवाज येत नाही म्हणजे बंद, असं यांना वाटलं.”

हवालदारांना प्रकरण मिटवायचं होतं. “माणसानं आधी चौकशी करावी रे,” ते त्याला म्हणाले. “आपसात मिटवून टाका.” तो उठला. तीन बोटांनी कापूस कानात नीट बसवला आणि माझ्यापुढं हात जोडले. “चुकलं ताई माझं. मला वाटलं बाबा गेले.”

आणि मी काय म्हणाले? सगळ्या नोकरीत मुलांना म्हणत आले तेच म्हणाले. “ठीक आहे. पुन्हा असं करू नका.”

चार दिवसांनी अप्पांना घेऊन नांदेडला आले. तोंडाची सूज उतरली, गुडघा बरा झाला. शेजारणीला, भावकीला, शाळेतल्या बायांना मी लातूरच्या रानटी जमावाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की ती चांगली रंगायला लागली. सगळ्या हळहळायच्या. शेवटी मी अप्पांकडे वळून विचारायची, “काय अप्पा, एसी चालू होता की नाही?” अप्पा म्हणायचे, “हाव.” बायका हसायच्या. एके दिवशी मी हे विचारलं आणि अप्पांनी डाव्या हातातला पेला फेकलाच नाही, नुसता खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसानंतर ती गोष्ट मला सांगवली नाही.

त्यांच्यावर आवाज चढवणंही हळूहळू सुटलं. शहाणी झाले म्हणून नव्हे. मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं की तो लाल कापूस दिसायचा.

पुढच्या तपासणीला मी गाडी मुद्दाम लांब, दुसऱ्या गल्लीत लावली. त्याच्या पुढची दिवाळीनंतर आली. ऊन कोवळं होतं. मी चारही काचा खाली केल्या आणि गाडी थेट त्या पंक्चरच्या दुकानापुढं उभी केली. अप्पा पुढं बसले होते. तो माणूस ट्यूब घासत बसला होता. त्यानं गाडी ओळखली, मला ओळखलं, आणि घासत राहिला.

मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. रात्रभर पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. “त्या दिवशी एसी बंद पडला होता. तुम्ही होतात म्हणून माझे अप्पा वाचले.”

तो ट्यूबच घासत होता. बघेनासुद्धा! एवढं बोलायला मी सहा महिने घेतले होते, आणि खरं सांगते, तिथंही माझा राग नाकावर आला. मग त्यानं मान वर केली. “काई म्हणलाव का ताई? ह्या अंगानं या. त्या कानात तवापासून शिट्टी वाजती नुसती, ऐकू येत न्हाई.”

मी त्याच्या उजव्या बाजूला गेले. तेच वाक्य पुन्हा म्हणाले. या खेपेला ते मलाही ऐकू आलं.

तो उठला. हात फडक्याला पुसले, गाडीपाशी गेला आणि खिडकीवर कोपर टेकून वाकला. “बाबा,” तो म्हणाला, “लई भाजलं का हो त्या दिशी?”

“हाव,” अप्पा म्हणाले. त्यांचा डावा हात उठला. मी दचकले, मला वाटलं मारतात. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

मनगट तसंच त्यांच्या हातात ठेवून तो माझ्याकडे वळला. “तुम्हाला कवा कळलं ताई?”

“त्याच दिवशी.”

“चौकीच्या आधी का मागून?”

मागून, असं म्हणता आलं असतं. त्याला कसं कळणार होतं? पंक्चर काढायला आलेली दोन माणसं आमच्याकडे बघत उभी होती. अप्पाही बघत होते.

“म्हंजी,” तो सावकाश म्हणाला आणि चांगला कान माझ्याकडे केला, “मी हात जोडले, तवा तुम्हाला ठावं होतं?”

“हाव,” मी म्हणाले.